डॉर्कस टटलचं घर नाका ओलांडतं

मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम डोंगरात पेल्टन नावाचं गाव आहे. तिथे डॉर्कस टटलशी कधीच भांडला नाही असा माणूस शोधायचा, तर पाळण्यातच शोधावा लागला असता. बाईचा आवाज असा, की तिने तोंड उघडलं की ओढ्यापलीकडची मेंढरं चरायची थांबून मान वर करायची. आणि तोंड तिला रोज उघडावंच लागे, कारण डॉर्कस होती टोलनाक्यावरची बाई. रस्त्यावरचा आडवा दांडा तिच्या ताब्यात. दांडा वर जायचा तर आधी पैसे. पैसे नसतील तर थापा. आणि थापा ऐकून ऐकून बाईचे कान किटलेले.

रस्ता मुळात गावाचाच. आज्या-पणज्यांनी झाडं तोडून, बुंधे उपटून, पाठी मोडून घेऊन केलेला. मग बॉस्टनच्या चार शेटजींनी कंपनी काढली, विधिमंडळातून सनद आणली, थोडी खडी पसरली, आणि जिथे एका बाजूला कडा अन् दुसऱ्या बाजूला ओढा अशी चिंचोळी खिंड आहे, नेमका तिथेच दांडा आडवा घातला. ज्यांच्या बापजाद्यांनी रस्ता केला त्यांनीच आता त्यावर चाक फिरवायचे पैसे द्यायचे! याला प्रगती म्हणतात म्हणे. आणि प्रगती करणारे शेटजी हिवाळ्यात एक दिवस त्या खिंडीत उभे राहिले असतील तर शपथ. शिव्या खायला त्यांनी एक विधवा ठेवली होती.

तसा नाका आधी डॉर्कसच्या नवऱ्याकडे होता. एबेन टटल हा सुतार. कंपनी त्याला म्हणाली, जागा आमची, घर तू बांध, आणि नाका सांभाळ. एबेनने आपल्या बापाच्या रानातलं लाकूड आणून घर उभं केलं. खाली एक खोली, वर माळा, मधोमध विटांचं धुराडं. मग एका वसंतात तो तापाने गेला आणि दांडा डॉर्कसकडे आला. मुलगी होती, ती सूतगिरणीत गेली. त्या वर्षांत डोंगरातल्या निम्म्या पोरी चरखा टाकून गिरण्यांकडे निघाल्या होत्या. तिथल्या खानावळीत ती एका खाटेवर दुसरीच्या कुशीला झोपायची, तिथे आईला कुठे ठेवणार? म्हणजे डॉर्कसला जगात आपलं म्हणावं असं छप्पर एकच. ते नाक्याला टेकलेलं.

कायद्याने काहींना टोल माफ होता. चर्चला जाणाऱ्याला माफ, चक्कीवर दळण नेणाऱ्याला माफ, लष्करी कवायतीला निघालेल्याला माफ. झालं! नाका बसला आणि पेल्टनचे लोक एकाएकी इतके भाविक झाले, की मंगळवारीसुद्धा चर्चला निघू लागले. खांद्यावर झाडूचा दांडा टाकून म्हातारे कवायतीला जाऊ लागले. सर्वांत वरताण एलिफाझ ग्राउट. हे चर्चचे कारभारी, म्हणून गाव त्यांना डीकन म्हणे. डीकन एकच पोतं घेऊन अख्खा हिवाळा दळणाला जात होते.

"डीकन, पोत्यात काय?" डॉर्कसने एकदा विचारलं.

"मका, डॉर्कस. दळायला नेतोय."

"मागच्या खेपेलाही पोत्याला हेच ठिगळ होतं."

"टिकाऊ ठिगळ आहे. आमच्या रॉक्सानाने लावलंय."

डॉर्कसने अंबाड्यात खोचलेली विणायची सुई काढली आणि पोत्यात खुपसली. भुरुभुरु बाहेर आला तो लाकडाचा भुसा.

"अगं बाई! डीकन, तुमचा मका पाइनच्या झाडाला लागतो की काय?"

डीकन कानांपर्यंत लाल झाले. "सैतानाने बदलला असेल वाटेत."

"मग सैतानाचा टोल तुम्ही भरा. ओळख तुमची आहे."

अशी बाई. गावात तिला कंपनीची मांजर म्हणत. तीही कुणाची गय करत नसे. पण एक होतं, तिचं जे काही असायचं ते तोंडावर.

मग गावाने चोरवाट काढली. नाक्याच्या बरंच अलीकडे रस्ता सोडायचा, डीकनांच्या कुरणातून डोंगरामागे वळायचं, ओढ्यावर ओंडके टाकून केलेला पूल ओलांडायचा आणि नाक्याच्या पलीकडे परत रस्त्याला लागायचं. यातला म्होरक्या लेम्युएल स्प्रेग. उंचापुरा, कमी बोलणारा, आणि पंचक्रोशीत सर्वांत तगडे बैल त्याचे. डॉर्कसला हे सगळं पहिल्याच दिवशी कळलं. तिने लेम्युएलला भर बाजारात गाठलं.

"चोरा! तुझ्या बैलांच्या घंटा माझ्या उशाशी वाजतात. चोरी करायची तर निदान अक्कल लावून करावी!"

पुढच्या खेपेपासून लेम्युएलने घंटांत शेवाळ कोंबलं.

त्यातच पश्चिमेकडे बोटींनी माल नेणारा एक मोठा कालवा पुरा झाला. मालाच्या गाड्या घटल्या, पश्चिमेचं पीठ कालव्याने जाऊ लागलं, आणि नाक्याच्या पेटीत खुळखुळ कमी झाली. कालव्याला तर कोर्टात खेचता येत नाही. तेव्हा कंपनीच्या डोळ्यांत चोरवाट खुपू लागली. शरद सरता सरता बॉस्टनहून संचालक आले, मिस्टर ऑगस्टस लॅथ्रप. मऊ हातमोजे, अंगाला अत्तराचा वास, आणि बसताना खुर्ची रुमालाने पुसायची सवय. खुर्ची डॉर्कसची होती. तिने तो रुमाल बघितला आणि तिथेच तिचं डोकं फिरलं.

"मिसेस टटल," लॅथ्रप म्हणाले, "डोंगरामागे वाट कोणी काढली?"

"डोंगरच तो, साहेब. मेंढरं काढतात वाटा."

"मेंढरं ओढ्यावर पूल बांधत नाहीत."

"आमच्याकडची जरा हुशार आहेत."

लॅथ्रप हसले नाहीत. "मला नावं हवीत. कोर्टात यायचं, शपथ घ्यायची, आणि एकेकाचं नाव सांगायचं. तुम्हाला सगळी माहीत आहेत."

"आहेत. त्यातल्या प्रत्येकाला मी चोर म्हटलंय, चारचौघांत, तोंडावर. पाठीमागे म्हणायची सवय नाही मला."

"मग लावून घ्या सवय. नाहीतर नाताळ सरल्यावर मी नवा माणूस घेऊन येतो. तोवर नाका सोडा."

"नाका घ्या. घर माझं आहे. माझ्या नवऱ्याने बांधलंय."

"जागा कंपनीची आहे."

"मी कुठे जागा मागतेय? ठेवा ना जागा. घर माझं."

आता मात्र लॅथ्रपना हसू फुटलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "असं म्हणता? मग घेऊन जा की घर! उचला आणि चालू लागा! कंपनी आडवी येणार नाही."

डॉर्कस चुलीवरची घेवड्याची हंडी ढवळत होती. तिचा हात थांबला. "नेऊ?"

"खुशाल न्या."

"धुराड्याच्या विटांसकट?"

"विटांसकट न्या, छपरासकट न्या, माळ्यावरच्या उंदरांसकट न्या!"

डॉर्कसने जिन्याच्या दिशेने हाक मारली, "रॉक्साना! खमीर सापडलं का गं? आणि साहेब काय म्हणाले ते ऐकू आलं ना नीट?"

जिन्याआडून डीकनीणबाई रॉक्साना ग्राउट वाटी हातात घेऊन बाहेर आल्या. "शब्द न् शब्द," त्या म्हणाल्या. "उंदरांपर्यंत."

लॅथ्रप दोघींकडे बघत टोपी घालून निघून गेले. त्यांना वाटलं, गरीब बायका, करमणूक करून घेताहेत. बॉस्टनमध्ये घरं विटांची असतात आणि जिथे बांधली तिथेच राहतात. पेल्टनच्या डोंगरात तसं नसतं. इथे बर्फ घट्ट झालं की कोणाचं तरी घर हिंडायला निघतंच. लेक म्हाताऱ्या आईबापांना घरासकट आपल्या अंगणात आणतो, दुकान विकलं की ते गिऱ्हाइकाच्या गावी ओढत नेतात. आदल्या हिवाळ्यात तर शाळा हलवली, आणि ती नक्की कुठे ठेवायची यावरून भांडण होऊन बिचारी आठवडाभर रस्त्यात उभी होती. हे लॅथ्रपना कोणी सांगितलं नाही. विचारल्याशिवाय सांगायची डोंगरात पद्धत नाही.

पण घर ओढायला बैल लागतात. आणि गावातला एकूणएक बैल अशा माणसाचा होता, ज्याला डॉर्कसने कधी ना कधी चोर, लुच्चा किंवा भुसाखाऊ म्हटलं होतं.

बाई दोन दिवस घरात येरझाऱ्या घालत बसली. नवरा मेला तेव्हा कुणापुढे हात पसरला नाही, तो आता पसरायचा? तोही लेम्युएल स्प्रेगपुढे? तिसऱ्या दिवशी शाल आवळून ती त्याच्या गोठ्यात जाऊन उभी राहिली. लेम्युएल बैलांच्या जुवाला चरबी चोळत होता.

"मी मदत मागायला आलेले नाही," डॉर्कस म्हणाली.

"मग बसा, मावशी."

"बसायलाही आले नाही."

"बरं. मग काय मागायचं नाहीये, ते उभ्याने सांगा."

डॉर्कसने ओठ घट्ट मिटले, मग सोडले. "घर हलवायचं झालं तर बैल किती लागतात, एवढंच विचारतेय. माहिती असावी म्हणून."

"केवढं घर?"

"तुला ठाऊक आहे केवढं. चोरवाटेवरून जाता येता बघतोस की!"

लेम्युएलने जू खाली ठेवलं. "रॉक्सानाबाईंनी सगळ्या गावाला सांगितलंय, मावशी. तुम्ही माझं नाव घेतलं असतं तर बैल विकून दंड भरावा लागला असता मला."

"तुझ्यासाठी नाही केलं. फुगू नकोस. त्या माणसाने माझी खुर्ची पुसली."

"भर बाजारात चोर म्हणालात मला."

"आहेसच."

"आहे," लेम्युएल म्हणाला आणि पहिल्यांदाच हसला. "पण घंटांत शेवाळ कोंबल्यापासून माझे बैल मनातून खट्टू आहेत. वाजत गाजत चालायची सवय त्यांना. तुमचं घर ओढायचं म्हणजे चोरून काही ओढता यायचं नाही. घंटा मोकळ्या कराव्या लागतील."

"कर मग. बैलांसाठी म्हणून कर," डॉर्कस म्हणाली आणि तोंड फिरवून चालू लागली. डोळे पुसायला तिला गोठ्याबाहेर जायचं होतं.

जागा डीकनांनी दिली, नाक्याच्या पलीकडच्या आपल्या दुसऱ्या कुरणाचा कोपरा. लोक म्हणाले, भुशाचं प्रायश्चित्त. डीकन म्हणाले, ख्रिस्ती धर्म. त्यांच्या म्हणण्याला मान देऊन सगळे गालात हसले.

नाताळ होऊन गेला, बर्फ चांगलं घट्ट बसलं, आणि ठरल्या सकाळी खिंडीत बैलच बैल. आदल्या दिवशीच धुराडं उतरवून विटा बर्फावरच्या घसरगाडीवर घालून पलीकडे नेल्या होत्या. पहारी लावून घर उचललं, खाली स्प्रूसच्या झाडांचे दोन लांबलचक ओंडके सरकवले, पुढे साखळ्या, साखळ्यांना बैलजोड्या, एकामागे एक. एरवी असलं काम रमच्या पिंपाशिवाय हलत नसे. पण त्याच वर्षी पाद्रीबुवांनी गावाला दारू सोडायची शपथ घ्यायला लावली होती, आणि बुवा स्वतः पहार धरून हजर होते. सगळे पडेल चेहऱ्याने उभे. शेवटी डीकनांनी निकाल दिला की सायडर, म्हणजे आंबवलेला रस, ही दारू नसून सफरचंद आहे. मग कामाला जोर आला.

"मावशी, बाहेर या," लेम्युएल ओरडला. "घर कललं तर?"

"मी माझ्या घरात बसलेय," खिडकीतून उत्तर आलं. "तू तुझे बैल सांभाळ."

हाकारे झाले, घंटा घणघणल्या, साखळ्या ताणल्या, आणि एबेन टटलचं घर कण्हत कण्हत निघालं. आत डॉर्कस खुर्चीत ताठ, मांडीवर टोपलीत मांजर, आणि चेहऱ्यावर असा भाव की रोजच अशी फिरते.

पुढचे बैल नाक्यातून पार झाले आणि घर दांड्यापाशी आलं, तेवढ्यात मागून लॅथ्रपसाहेबांची घसरगाडी आली. शेजारी नवा नाकेदार, थंडीने नाक लाल.

"हे काय आहे?" लॅथ्रप किंचाळले.

"घर," लेम्युएल म्हणाला.

"कुणाच्या परवानगीने?"

खिडकीची झडप उघडली. "तुमच्याच, साहेब! उंदरांसकट म्हणाला होतात. मोजून घेतलेत."

जमाव खदखदा हसला. लॅथ्रप गोरेमोरे झाले, पण कंपनीचा माणूस शेवटी कंपनीचाच. "ठीक आहे! मग टोल भरा. फुकट काही जाणार नाही इथून!"

सगळ्यांच्या माना दराच्या फळीकडे वळल्या. डीकनांनी चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचलं, "चार चाकी बग्गी... दोन चाकी गाडी... घोडेस्वार... मेंढरं... डुकरं." ते थांबले. "घर नाही, साहेब."

"डुकरांचा दर लावा ना!" मागून कोणीतरी सुचवलं.

"आत मावशी बसलीय, बाबा. तिला डुकरांचा दर लाव आणि जगून दाखव!"

वाद आणखीही रंगला असता, पण घर मध्येच अडलं होतं. दांडा वर गेला तरी दोन्ही बाजूंचे खांब होतेच, आणि छपराची पाखं डावीकडच्या खांबाला जाऊन भिडली होती. पुढे जाता येईना. मागे घ्यायचं तर बैल मागे ढकलून कोणी घर नेलंय? खिंड बंद. आणि त्याच वेळी पलीकडून शिंगाचा आवाज आला. टपालाची गाडी.

गाडीवान पीलेग दणादणा खाली उतरला. रस्त्यात घर बघून त्याला नवल वाटलं नाही, तोही डोंगरातलाच. पण उशीर त्याला खपत नसे. "सरकारी टपाल आहे! टपाल अडवणं हा गुन्हा आहे. कोण अडवतंय?"

"आम्ही नाही," लेम्युएल शांतपणे म्हणाला. "घर जायलाच निघालंय. खांब अडवतोय."

"खांब कोणाचा?"

आणि सगळं पेल्टन गाव, पाद्रीबुवांसकट, लॅथ्रपकडे बघू लागलं.

"तोडा तो खांब!" लॅथ्रप म्हणाले.

कोणी हललं नाही.

"ऐकू येत नाही का? तोडा म्हणतोय!"

"कंपनीच्या मालाला हात लावायचा?" लेम्युएलने छातीवर हात ठेवला. "छे, साहेब! आम्ही आधीच चोर म्हणून बदनाम. तुमचा खांब, तुमचा हात." आणि त्याने कुऱ्हाडीचा दांडा अदबीने साहेबांपुढे केला.

पीलेगने पुन्हा शिंग फुंकलं. लॅथ्रपनी हातमोजे काढले, ठेवायला जागा शोधली, कोणी हात पुढे केला नाही, तेव्हा ते खिशात कोंबले. आणि बॉस्टनच्या त्या संचालकाने आपल्याच नाक्याच्या खांबावर पहिला घाव घातला. कुऱ्हाड सटकन घसरली. दुसरा घाव बर्फात. गाव मदतीला धावलं, म्हणजे तोंडाने.

"अंमळ खाली, साहेब!"

"तिरपा मारा, तिरपा!"

"ओक आहे, साहेब, कंपनीने चांगला निवडला होता!"

"पाय लांब ठेवा," खिडकीतून डॉर्कस म्हणाली. "दोनच आहेत तुम्हाला."

लॅथ्रपनी घाव घातले, आणखी घातले. टोपी पडली. घाम आला. तळहात सोलवटले. हसणारे हळूहळू गप्प होत गेले, कारण माणूस खरंच नेट लावत होता, आणि ओक काही ऐकत नव्हता.

डॉर्कसने ते पाहिलं. आता तो मोठा साहेब दिसत नव्हता. थंडीत परक्या गावात एकटा उभा असलेला, हाताला फोड आलेला माणूस दिसत होता. शिव्या खायला तिला असंच खिंडीत उभं करणारा हाच, हेही तिला आठवलं. तरीसुद्धा तिने झडप सताड उघडली.

"लेम्युएल! पुरे झाली मजा. घे त्यांच्या हातून. माझं घर काही दिवसभर वाऱ्यात उभं राहायला नाही निघालं."

लेम्युएलने कुऱ्हाड घेतली. चार घाव, आणि खांब कडकन आडवा झाला. घंटा पुन्हा वाजल्या, घर खांबाच्या बुंध्यावरून दणका खात पुढे सरकलं. लॅथ्रपजवळून खिडकी जाताना डॉर्कसने हात बाहेर काढला. हातात चरबीची डबी.

"हाताला लावा. रात्री ठणकेल नाहीतर."

लॅथ्रपनी डबी घेतली. "मिसेस टटल," ते म्हणाले, "आता तुम्ही राहणार कुठे?"

"घरात," डॉर्कस म्हणाली आणि झडप लावून घेतली.

जमीन दगडासारखी गोठलेली, त्यामुळे नवा खांब बर्फ वितळेपर्यंत रोवता आला नाही. नवा नाकेदार आठवड्याभरात उबदार खोलीच्या शोधात निघून गेला. हिवाळाभर गाड्या मोकळ्या गेल्या, आणि लोकांना एकदा मोकळ्या रस्त्याची सवय लागली की ती सुटत नाही. वसंतात कंपनीने खांब उभा केला, पण त्यापाशी उभं राहून शिव्या खायला माणूस मिळेना. काही वर्षांनी कंपनीने रस्ताच गावाला देऊन टाकला. म्हणजे गावाचा रस्ता गावाला. उपकारच म्हणायचे!

डॉर्कस डीकनांच्या कोपऱ्यावर राहिली. धुराडं लेम्युएलने बांधून दिलं. नीट बांधलं नाही म्हणून ती त्याला भांडली, त्याने पुन्हा बांधलं, ती पुन्हा भांडली. येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीवानांना ती पाव आणि सफरचंद भरलेल्या भाजक्या पोळ्या विकायची, आणि ओल्या रस्त्यात कोणी भरधाव गाडी घातली की मेंढरं माना वर करायची.

घर मात्र खांबाच्या त्या दणक्याने एका अंगाला थोडं कललं ते कललंच. लेम्युएल दरवर्षी पहार घेऊन सरळ करायला यायचा आणि दरवर्षी ती त्याला हाकलायची, म्हणायची, नीट बसलंय ते, उगाच डिवचू नकोस. त्यामुळे तिच्या भट्टीतला पाव नेहमी एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने पातळ निघे. पेल्टनात आलेला नवखा विचारायचा, हा पाव असा वाकडा का? आणि जुनी माणसं म्हणायची, गप खा, जाड बाजूचा कापून माग.